भोकरदन म्हणजे नेमके कोठे? युद्धातील यंत्रबुद्धीची वऱ्हाडी पूर्वपीठिका

१/
नांदगाव खंडेश्वर हे अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे गाव अमरावती–यवतमाळ मार्गावर वसलेले आहे. हेमाडपंती बांधणीचे खंडेश्वराचे मंदिर ही त्याची जुनी ओळख, तर तालुक्यातून गेलेला समृद्धी महामार्ग ही नवी. या गावाच्या नावावर एकही प्रसिद्ध लढाई नाही. तरीही सैन्यातील कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय समजून घ्यायचा असेल, तर प्रारंभ येथून करणे सोयीचे आहे.

२/
नकाशावर या गावी कंपासाचे टोक रोवून सुमारे दीडशे किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर वायव्येला अडगावचे रणक्षेत्र आणि गाविलगड, पूर्वेला पुलगाव आणि हिंगणघाट, पश्चिमेला अकोला जिल्ह्यातील मुरंबा आणि ईशान्येच्या कडेला नागपूर अशी ठिकाणे त्यात येतात. युद्धात पाहणे, मोजणे आणि ठरवणे ही तीन कामे माणसाकडून उपकरणाकडे कशी सरकत गेली, याचा जवळजवळ सव्वादोनशे वर्षांचा इतिहास या वर्तुळात सापडतो. एक ठिकाण मात्र वर्तुळाबाहेर राहते. ते म्हणजे जालना जिल्ह्यातील असई. आणि सुरुवात तेथूनच करावी लागते.

३/
सप्टेंबर १८०३. दुसरे इंग्रज–मराठा युद्ध पेटलेले होते. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले (दुसरे) यांच्या एकत्रित फौजेच्या मागावर मेजर जनरल आर्थर वेलस्ली होता. त्याचे डोळे आणि कान म्हणजे हरकारे. गावोगाव फिरून, बाजारात कानोसा घेऊन, प्रसंगी वेषांतर करून बातमी आणणारी ही माणसे त्या काळच्या प्रत्येक दरबाराच्या पदरी असत. त्यांनी बातमी आणली की मराठी फौज भोकरदनला आहे.

४/
बातमी खोटी नव्हती, पण ती पुरेशीही नव्हती. भोकरदन हे एका गावाचे नाव होते आणि त्या गावाभोवतीच्या परगण्याचेही. हरकाऱ्यांनी परगणा सांगितला, इंग्रजांनी गाव ऐकले. मराठ्यांचा तळ भोकरदनपासून असईपर्यंत मैलोगणती पसरलेला होता. २३ सप्टेंबरला मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचल्यावर वेलस्लीला कळले की, जी फौज अजून बरीच दूर आहे असे आपण धरून चाललो, ती अवघ्या काही मैलांवर उभी आहे. कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी तुकडी येऊन मिळेपर्यंत थांबायचे आणि दुसऱ्या दिवशी एकत्र हल्ला करायचा, हा मूळ बेत त्या एका शब्दामुळे कोलमडला.

५/
आजच्या परिभाषेत याला माहितीच्या नामनिर्देशनातील दोष म्हणतात. आकडा बरोबर, निरीक्षण बरोबर, पण त्यावर चिकटवलेली चिठ्ठी दोन अर्थांची. यंत्राला शिकवताना लाखो छायाचित्रांवर अशाच चिठ्ठ्या चिकटवल्या जातात. हा रणगाडा, हा ट्रॅक्टर. हा शस्त्रधारी, हा खांद्यावर फवारणीचा पंप घेतलेला शेतकरी. चिठ्ठी चुकली की पुढची सगळी गणिते बिनचूक करूनही उत्तर चुकते.

६/
नांदगावकरांना हा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. एकाच अमरावती जिल्ह्यात एक नांदगाव पेठ आहे आणि एक नांदगाव खंडेश्वर. नाशिक जिल्ह्यात आणखी एक नांदगाव, छत्तीसगडात राजनांदगाव. मागे ‘खंडेश्वर’ जोडले जाते ते भक्तीपोटी तर खरेच, पण पत्र आणि पाहुणा योग्य गावी पोहोचावा या व्यवहारापोटीही. महाराष्ट्रात बुद्रुक, खुर्द, पेठ, कसबा हे सारे प्रत्यय याच कामाचे आहेत.

७/
आता त्याच दिवसाची दुसरी बाजू. समोर कैलना नदी. वाटाड्यांचे एकमुखी म्हणणे, येथे उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले. नदीच्या दोन्ही काठांवर एकमेकांसमोर दोन गावे होती, पिंपळगाव आणि वरूड. त्याने तर्क केला की इतकी जवळ असलेली दोन गावे एकमेकांत ये-जा केल्याशिवाय राहणार नाहीत, म्हणजे उतार असलाच पाहिजे. त्याने अधिकारी पाठवून खातरजमा केली. उतार होता. त्या उतारावरून त्याने मराठी फौजेच्या डाव्या बगलेवर सैन्य नेले.

८/
या प्रसंगाचे कौतुक इंग्रज चरित्रकारांनी भरपूर केले आहे; कधी कधी गरजेपेक्षा जास्त. त्यातला उपयोगाचा भाग एवढाच की उपलब्ध माहिती ‘नाही’ म्हणत असताना एका माणसाने माणसांच्या सवयींवरून ‘हो’ असा निष्कर्ष काढला, आणि त्यावर विसंबण्याआधी तो तपासून घेतला. आजच्या यंत्रबुद्धीला पूर्वी पाहिलेल्यासारखे काही दिसले तर ती ते चटकन ओळखते, कित्येकदा माणसाहून चांगले ओळखते. पूर्वी कधीच न पाहिलेल्या परिस्थितीत ती कशी वागेल, हे मात्र तिच्या निर्मात्यांनाही आधी सांगता येत नाही. आणि रणांगण हे बहुतेक वेळा पूर्वी न पाहिलेलेच असते.

९/
त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली, तिचा उल्लेख कमी होतो. उजव्या टोकाच्या पहारा-तुकडीचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल ऑरॉककडे होते. असई गावातील तोफांच्या माऱ्यापासून दूर राहा, असा हुकूम होता. त्याने हुकूम वेगळा समजला आणि तुकडी थेट गावाच्या दिशेने नेली. तिच्यामागून गेलेली ७४ वी स्कॉटिश पलटण त्या माऱ्यात जवळजवळ कापली गेली. इंग्रजांकडील मृत ४२८ आणि जखमी ११३८. लढणाऱ्या फौजेच्या मानाने हा आकडा भयंकर होता. यंत्राला उद्दिष्ट सांगताना शब्द थोडे सैल राहिले तर ते यंत्र उद्दिष्टाचा भलताच अर्थ लावून त्याचा शेवटपर्यंत पाठपुरावा करते, ही आजच्या संशोधकांची मोठी चिंता आहे. फरक असा की ऑरॉक होता म्हणून चूक कोणाची हे नावानिशी सांगता आले. वेलस्लीने पुढे त्या चुकीचे परिणाम मान्य केले आणि त्या अधिकाऱ्याच्या धैर्याचीही दखल घेतली.

१०/
आता मराठ्यांच्या बाजूने. शिंद्यांचा तोफखाना त्या काळी भारतातील सर्वोत्तम तोफखान्यांपैकी एक होता. महादजी शिंदे यांनी १७८४ च्या सुमारास सव्हॉयच्या बेन्वा द ब्वान्य याला, म्हणजे मराठी कागदांतील ‘डिबॉईन’ला, चाकरीस घेतले आणि युरोपीय कवायतीचे कंपू उभे केले. १७९० मध्ये पाटण आणि मेडता येथे या कंपूंनी राजपूत फौजांचा धुव्वा उडवला. असईच्या लढाईनंतर वेलस्लीच्या हाती सुमारे शंभर तोफा आल्या. त्या इतक्या चांगल्या होत्या की आपल्याच सैन्यात वापराव्यात, असे त्याने लिहिले.

११/
म्हणजे नवे तंत्र वेळेवर ओळखण्यात मराठे मागे नव्हते. ‘मराठे जुन्या पद्धतीला चिकटून राहिले म्हणून हरले’ हे शाळेतले सोपे उत्तर येथे टिकत नाही. तोफा होत्या, दारूगोळा होता, मरेपर्यंत तोफेपासून न हटणारे गोलंदाज होते. इंग्रजांची फळी पुढे निघून गेल्यावर, मेल्याचे सोंग घेतलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी त्याच तोफा मागून इंग्रजांवर डागल्या, हे इंग्रजांनीच नोंदवून ठेवले आहे.

१२/
खोट दुसरीकडे होती. कंपूंचे वरिष्ठ अधिकारी परदेशी होते. युद्ध सुरू होताच गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्लीने जाहीरनामा काढला की शिंद्यांच्या चाकरीतील ब्रिटिश अधिकाऱ्यांनी नोकरी सोडावी, त्यांच्या उदरनिर्वाहाची सोय कंपनी करील. अनेकांनी सोडली. द ब्वान्यनंतर सरसेनापती झालेला फ्रेंच पेराँ सप्टेंबर १८०३ मध्येच उत्तरेत इंग्रजांच्या आश्रयाला गेला. असईच्या मैदानावर कंपूचे नेतृत्व हॅनोव्हरच्या पोलमानकडे होते. तोफ शिंद्यांची, पण ती कोणत्या दिशेने वळवायची हे जाणणारे डोके भाड्याचे, अशी ही अवस्था. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

१३/
असईनंतर दोन महिन्यांनी युद्ध वऱ्हाडात आले. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावच्या मैदानात (इंग्रजी कागदांत ‘आर्गाम’) भोसल्यांची फौज रघुजींचे बंधू व्यंकोजी उर्फ मन्याबापू यांच्या नेतृत्वाखाली उभी होती. तोफा सुरू होताच इंग्रजांच्या तीन पलटणी पाठ फिरवून पळाल्या. नवल असे की याच पलटणी असईत पाय रोवून लढल्या होत्या. वेलस्ली जवळच होता म्हणून त्याने त्यांना आडोशाला नेऊन पुन्हा रांगेत आणले, नाहीतर निकाल वेगळा लागण्याची शक्यता त्याने स्वतःच मान्य केली.

१४/
काल उत्तम चाललेली गोष्ट आज का बिघडली, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींबद्दलही हेच म्हटले जाते: चाचणीत शंभर वेळा यशस्वी, आणि एकशे एकाव्या वेळी अनाकलनीय अपयश. पळणाऱ्या शिपायांना थांबवता आले, कारण ते पळत होते आणि सेनापतीला दिसत होते. सेकंदाच्या काही भागात शेकडो निर्णय घेणारी प्रणाली बिघडली तर ती बिघडल्याचे कळेपर्यंत काम उरकलेले असते.

१५/
गाविलगडाचा वेढा थोडक्यात. सातपुड्याच्या कड्यावरचा हा किल्ला अभेद्य मानला जाई, कारण उत्तरेकडून अवजड तोफा डोंगरातून आणताच येणार नाहीत असा सर्वांचा हिशेब होता. स्टीव्हन्सनच्या माणसांनी ७ डिसेंबरपासून रस्ता खोदत, दोर लावून, तोफा हातांनी ओढत आणल्या. १५ डिसेंबरला किल्ला पडला, किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून जाऊन निजामाकडे गेला. नांदगावच्या शेतकऱ्याच्या शेतसाऱ्याचा धनी बदलला, आणि त्याला कोणी विचारले नाही.

१६/
आता ‘मोजणे’. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत, रात्रीच्या अंधारात एक इंग्रज तुकडी चुकून शत्रूच्या दिशेने चालली होती. विल्यम लॅम्ब्टन नावाच्या अधिकाऱ्याने आकाशातील तारे पाहून दिशा चुकल्याचे सांगितले आणि तुकडी वाचली. याच लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. अर्धा टन वजनाचे थिओडोलाइट यंत्र घेऊन तो दोन दशके उत्तरेकडे सरकत राहिला. त्याचा महाकंस ७८ पूर्व रेखांशाच्या आसपासून जातो. म्हणजे वऱ्हाडच्या, पर्यायाने नांदगाव खंडेश्वरच्या परिसरातून.

१७/
२० जानेवारी १८२३ रोजी नागपूरकडे जाताना हिंगणघाट येथे लॅम्ब्टनचा मृत्यू झाला. त्याचे थडगे तेथेच आहे. विदर्भातील कापसाच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात जगाच्या मोजणीचा एक मोठा अध्याय संपला, याची खूण फार थोड्यांना ठाऊक असते.

१८/
सर्वेक्षणाचा खरा भार डोंगरांवर नव्हे, कचेरीत होता. प्रत्येक त्रिकोणाची गणिते करण्यासाठी माणसे नेमलेली असत आणि त्यांच्या हुद्द्याचे नावच ‘कॉम्प्युटर’ होते. १८३१ मध्ये रुजू झालेले राधानाथ सिकदार हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. पुढे एव्हरेस्ट म्हणून ओळखल्या गेलेल्या शिखराच्या उंचीच्या गणिताशी त्यांचे नाव जोडलेले आहे. एकच गणित दोन माणसांनी स्वतंत्रपणे करायचे आणि उत्तरे ताडून पाहायची, ही तेथली शिस्त. संगणक हा शब्द यंत्राला लागण्याआधी माणसाला लागत होता, आणि त्या माणसावर दुसऱ्या माणसाची नजर होती.

१९/
या नकाशांचा उपयोग कालव्यांना, रस्त्यांना, रेल्वेला झाला. तो सैन्याच्या हालचालींना आणि महसुलाच्या वसुलीलाही झाला. दोन्ही उपयोग वेगळे काढता येत नाहीत. अमेरिकेत १९४५ मध्ये पूर्ण झालेला ‘एनिअॅक’ हा विद्युत-संगणक मुळात तोफगोळ्यांच्या मार्गांचे तक्ते करण्यासाठी बांधला गेला. त्याआधी ते तक्ते हातांनी करणाऱ्या स्त्रियांनाही ‘कॉम्प्युटर’च म्हणत. आज लग्नपत्रिका छापण्यापासून पीकविम्याचा अर्ज भरण्यापर्यंत वापरले जाणारे यंत्र असे तोफखान्याच्या घरातून आले आहे.

२०/
येथून कथा पुन्हा वऱ्हाडात येते. १९८० च्या दशकात हवामानाच्या अंदाजासाठी भारताला अमेरिकेकडून ‘क्रे’ महासंगणक हवा होता. हवी ती शक्तिशाली आवृत्ती अमेरिकेने नाकारली. कमी क्षमतेची दिली, तीही अटी घालून. भीती अशी की पावसाचा अंदाज काढणारे यंत्र अण्वस्त्रांची आणि क्षेपणास्त्रांचीही गणिते करू शकते. भीती निराधार म्हणता येणार नाही, कारण गणिताला आपला उपयोग कशासाठी होतो हे कळत नाही.

२१/
१९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ या संस्थेची स्थापना झाली आणि तिची धुरा डॉ. विजय भटकर यांच्याकडे आली. जन्म १९४६, अकोला जिल्ह्यातील मुरंबा. अभियांत्रिकीचे शिक्षण नागपुरात. बड्या यंत्राची नक्कल करण्याऐवजी अनेक लहान प्रक्रियकांना एकाच वेळी कामाला लावायचे, हा मार्ग संस्थेने घेतला. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. खेड्यातील मुलाने अमेरिकेला उत्तर दिले, अशा शब्दांत ही कथा वारंवार सांगितली जाते, आणि तो अभिमान रास्त आहे.

२२/
मात्र एक तपशील त्या कथेत बहुधा गळतो. ‘परम ८०००’ मधील प्रक्रियक, म्हणजे ट्रान्सप्युटर, ब्रिटनच्या ‘इनमॉस’ कंपनीचे होते. रचना आपली, बुद्धी आपली, चिप बाहेरची. शिंद्यांच्या कंपूची आठवण येथे यावी. पुढे जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या प्रगत चिपांच्या निर्यातीवर जे नियम आणले, त्यांत भारताला पहिल्या पंक्तीत स्थान नव्हते. त्याच वर्षी मे महिन्यात ते नियम मागे घेतले गेले. जे एका सरकारी आदेशाने येते आणि दुसऱ्याने जाते, त्यावर सैन्याची भिस्त ठेवणे म्हणजे १८०३ च्या जाहीरनाम्याची वाट पाहणे होय.

२३/
मग सैन्याने हे तंत्र वापरावे तरी का? उत्तरासाठी नांदगाव खंडेश्वरहून पूर्वेला, वर्धा नदीपलीकडे साठेक किलोमीटरवर जावे. पुलगाव येथे लष्कराचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे तेथे लागलेल्या आगीत अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाचे कर्मचारी बळी पडले. सदोष सुरुंगांचा साठा हा तेव्हा चर्चेचा मुख्य विषय होता. २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावजवळच जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या मैदानावर स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांतील बहुतेक आसपासच्या गावांतील मजूर होते.

२४/
साठ्यातील प्रत्येक सुरुंगाची प्रतिमा तपासून गळतीची, गंजाची, तापमानातील बदलाची सूचना आधी देणे, आणि जुना बॉम्ब हाताळताना माणसाऐवजी यंत्र पुढे करणे, ही कामे आजच्या तंत्राच्या आवाक्यातील आहेत. पुण्याच्या दिघी येथील संरक्षण संशोधन संस्थेने ‘दक्ष’ नावाचे दूरनियंत्रित बॉम्बशोधक वाहन फार पूर्वीच तयार केलेले आहे. सीमेवरील पहारा, वाहनांच्या बिघाडाचा आगाऊ अंदाज, रसदीचे नियोजन यांतही लाभ खरा आहे. युद्धातील यंत्रबुद्धीवरील चर्चा बहुतेक मारक शस्त्रांभोवती फिरते. मजुराचा जीव वाचवणारे यंत्र त्या चर्चेत मागे पडते, कारण त्याची छायाचित्रे भव्य दिसत नाहीत.

२५/
मारक शस्त्रही आता वर्तुळाच्या आतच बनते. नागपूरच्या सोलार समूहातील ‘इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्ह्ज’ या कंपनीने ‘नागास्त्र-१’ हे घिरट्या घालून लक्ष्यावर कोसळणारे ड्रोन तयार केले. जून २०२४ मध्ये १२० नगांची पहिली खेप लष्कराला मिळाली. एकूण मागणी ४८० ची होती. वजन सुमारे नऊ किलो, म्हणजे जवानाच्या पाठीवर मावणारे. माणसाच्या थेट नियंत्रणात पल्ला पंधरा किलोमीटर, स्वयंचलित पद्धतीत तीस, असे जाहीर झाले. या दोन आकड्यांमधील पंधरा किलोमीटरांचा अर्थ नीट पाहावा. माणसाचा हात काढला की पल्ला दुप्पट होतो. हाच मोह जगातील प्रत्येक सैन्यापुढे आहे.

२६/
या शस्त्राचे एक वैशिष्ट्य फारसे बोलले जात नाही. लक्ष्य सापडले नाही किंवा मोहीम रद्द केली तर ते परत बोलावता येते आणि पॅराशूटच्या साहाय्याने उतरवून पुन्हा वापरता येते. सुटलेला तोफगोळा माघारी येत नाही, हे येते. त्यामुळे ‘नको’ म्हणण्याची संधी शेवटच्या क्षणापर्यंत राहते. परंतु संधी राहिली म्हणजे ती घेतली जाईलच असे नाही.

२७/
३ जुलै १९८८. इराणच्या आखातात ‘व्हिन्सेन्स’ ही अमेरिकी युद्धनौका. तिच्यावर त्या काळची सर्वांत प्रगत ‘एजिस’ प्रणाली. बंदर अब्बासहून दुबईला निघालेले इराण एअरचे प्रवासी विमान तिच्या पडद्यावर आले. ते वर चढत होते आणि प्रणालीने तसेच नोंदवले होते. कक्षातील माणसांना मात्र ते चाल करून खाली येणारे लढाऊ विमान वाटले. क्षेपणास्त्रे सुटली, २९० प्रवासी व कर्मचारी मारले गेले. पुढील अभ्यासांनी एक कारण दाखवले. विमानाला आधी दिलेला ओळखक्रमांक प्रणालीने बदलला होता आणि जुना क्रमांक दुसऱ्याच, दूरच्या विमानाला दिला होता. कप्तानाने जुन्या क्रमांकाची चौकशी केली आणि त्याला दुसऱ्या विमानाचे उत्तर मिळाले.

२८/
भोकरदन गाव आणि भोकरदन परगणा. १८५ वर्षांनी, अब्जावधी डॉलर खर्चून उभारलेल्या प्रणालीत, तीच चूक. आणि येथे ‘निर्णयाच्या साखळीत माणूस होता’ हे विसरता येत नाही. माणूस साखळीत ठेवला की सर्व सुरक्षित, हा युक्तिवाद व्हिन्सेन्सपुढे अपुरा पडतो. त्या माणसाला विचार करायला किती सेकंद मिळतात, आणि पडद्यावर शंका घेण्याची मुभा त्याला असते काय, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत.

२९/
उलट उदाहरणही आहे. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव याच्यासमोरील यंत्रणेने अमेरिकेकडून पाच क्षेपणास्त्रे निघाल्याचे सांगितले. त्याने तर्क केला की खरे युद्ध सुरू करणारा देश केवळ पाच क्षेपणास्त्रे सोडणार नाही, आणि वरिष्ठांना इशारा खोटा असल्याचे कळवले. तो खोटाच होता. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रहाला फसवले होते. कैलनेच्या काठावरील दोन गावे पाहून केलेला तर्क आणि हा तर्क एकाच जातीचे आहेत. दोन्ही वेळी विचाराला थोडा अवधी होता.

३०/
भारताने या प्रश्नाकडे कसे पाहिले? २०१८ मध्ये एन. चंद्रशेखरन यांच्या अध्यक्षतेखाली कृतिगटाचा अहवाल आला. त्यानंतर संरक्षण कृत्रिम बुद्धिमत्ता परिषद आणि तिची प्रकल्प संस्था स्थापन झाली. जुलै २०२२ मध्ये अशी ७५ उत्पादने एकाच वेळी जाहीर झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये विश्वासार्ह कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मूल्यमापनाची चौकट प्रसिद्ध झाली. विश्वसनीयता, सुरक्षितता, पारदर्शकता, निष्पक्षता आणि खासगीपणा ही तिची पाच तत्त्वे. तत्त्वे चांगली आहेत. १८०३ मध्येही ‘बातमी खात्रीची असावी’ हे तत्त्व सर्वांना मान्य होते. ती खात्रीची आहे हे तपासायचे कोणी आणि केव्हा, याचा तपशील मात्र लढाईच्या सकाळी ठरला.

३१/
चौकटीची खरी परीक्षा येथील मातीत आहे. परदेशी वाळवंटांच्या आणि शहरांच्या प्रतिमांवर शिकलेल्या यंत्राला कपाशीचे उभे पीक, तुरीच्या ओळींत वाकलेली माणसे, बैलगाडीवर झाकलेली ताडपत्री, पोळ्याची मिरवणूक हे काय आहे ते ओळखता येईल का? एका जिल्ह्यात दोन नांदगाव आहेत, हे त्याला ठाऊक असेल का? ही माहिती गोळा करणे, तिच्यावर अचूक चिठ्ठ्या लावणे आणि दुसऱ्या माणसाकडून ताडून घेणे, हे कंटाळवाणे काम आहे. राधानाथ सिकदारांच्या कचेरीतील कामासारखे. त्यासाठी लागणारी माणसे आणि वेळ यांची तरतूद उत्पादनाच्या अनावरण-सोहळ्यात दिसत नाही.

३२/
आंतरराष्ट्रीय पटावर चित्र गुंतागुंतीचे आहे. स्वयंचलित मारक शस्त्रांवरील चर्चेसाठी जिनिव्हात जो सरकारी तज्ज्ञांचा गट नेमला गेला, त्याचे अध्यक्षपद २०१७ आणि २०१८ मध्ये भारताचे राजदूत अमनदीप सिंग गिल यांच्याकडे होते. २०१९ मध्ये त्या गटाने अकरा मार्गदर्शक तत्त्वे मांडली. शस्त्र वापरण्याच्या निर्णयाची जबाबदारी माणसाचीच राहील, ती यंत्राकडे सोपवता येणार नाही, हे त्यांपैकी एक. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत याच विषयावर ठराव आला. १५२ देश बाजूने, चार विरुद्ध. विरोधात भारत, रशिया, बेलारूस आणि माली. भारताची भूमिका अशी की चर्चा जिनिव्हातील मूळ मंचावरच व्हावी, समांतर वाटा काढू नयेत.

३३/
या मतदानाचे समर्थन आणि टीका दोन्ही झाले. समर्थकांच्या मते, शेजारी जे तंत्र थांबवणार नाहीत त्याच्यावर आपण एकट्याने बंधन का घ्यावे? क्रेच्या नकाराचा अनुभव असलेल्या देशाला, निर्बंध शेवटी उशिरा आलेल्यांवरच पडतात, असे वाटणे स्वाभाविक आहे. टीकाकारांच्या मते, नियम लिहिले जात असताना टेबलावर नसलेल्याला ते पुढे तयार स्वरूपातच स्वीकारावे लागतात. देवगावच्या तहात वऱ्हाडचे काय करायचे ते ठरले तेव्हा वऱ्हाडचा कोणी टेबलावर नव्हता. जिनिव्हातील गटाला आपले काम २०२६ पर्यंत पूर्ण करण्याची मुदत देण्यात आली आणि त्या गटात भारत बसलेला आहे.